विंचवाचा डंख आणि हृदयातील वीज

विंचू पायाला डसतो आणि माणूस हृदयाने मरतो. जालना जिल्ह्यातील जुन्या माणसांना ह्या वाक्याचे फारसे नवल वाटू नये. पऱ्हाटीची गंजी उपसताना, गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना, किंवा दगडमातीच्या भिंतीच्या कडेला निजले असताना लाल विंचू डसला. डंखाच्या जागी फारशी सूज नाही की काळेनिळे नाही. तरी पहाटेपर्यंत धडधाकट पोर तोंडाला फेस येऊन गेले, असे त्यांनी पाहिलेले किंवा निदान ऐकलेले असते. लोक म्हणत, विष अंगात भिनले. म्हणणे खोटे नव्हते. पण भिनून ते गेले कोठे आणि तेथे त्याने काय केले, हे कोणी सांगत नसे. त्याचा माग काढणारे डॉक्टर ह्याच जिल्ह्यातले निघावेत, ही गोष्ट आम्हांला मोठी समाधानाची वाटते. त्यांच्याकडे आपण येऊच. परंतु त्यांनी काय ओळखले हे नीट समजायचे, तर हृदयातील विजेची व्यवस्था कशी असते, तिला इजा झाली म्हणजे काय होते, आणि झालेली इजा भरून येते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

वीज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खांब आणि तारा उभ्या राहतात. हृदयातील वीज तशी नव्हे. तेथे तांब्याची तार नाही आणि बाहेरून येणारा प्रवाहही नाही. हृदयाची प्रत्येक पेशी हीच एक चिमुकली विद्युत्‌घटी असते. पेशीच्या आत पोटॅशियमचे क्षार अधिक, बाहेर सोडियमचे अधिक. मधल्या पातळ पडद्याला ह्या क्षारांसाठी वेगवेगळी दारे. पेशी स्वस्थ असते तेव्हा आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियमचे दार उघडले की तो आत घुसतो, ऋणाचे धन होते, पाठोपाठ कॅल्शियम आत येऊन स्नायू आकुंचन पावतो, आणि मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होते. एका पेशीत ही उलथापालथ झाली की तिचा धक्का शेजारणीला बसतो.

घराचा स्लॅब पडताना मजुरांची रांग घमेली हातोहात वर पोचविते, ते दृश्य आठवावे. प्रत्येक मजूर घमेले घेतो ते शेजाऱ्याकडून, पण पुढे देतो ते आपल्या जोरावर. म्हणून रांग कितीही लांब असली तरी घमेले शेवटी पोचते ते भरलेलेच. हृदयातील संदेशही असाच न थकता शेवटपर्यंत जातो. आणि रांगेतील चारदोन मजूर खाली बसले तर काय होईल, हेही ह्याच दृश्यात आहे. एक तर घमेले अडेल, नाही तर वळसा घालून जाईल. ह्या दोन्ही गोष्टी पुढे आपल्याला लागणार आहेत.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका आणि खालचे दोन म्हणजे जवनिका. उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी पेशींचा एक पुंजका असतो. तो आपणहून, कोणी न सांगता, मिनिटास ६० ते १०० वेळा ठिणगी टाकतो. ती कर्णिकांतून पसरत दोन मजल्यांच्या मधल्या गाठीपाशी येते आणि तेथे सेकंदाचा सुमारे दहावा भाग थबकते. हा थांबा फार मोलाचा आहे. तेवढ्यात कर्णिकांतील रक्त खाली उतरून जवनिका भरतात. एरवी दोन्ही मजले एकदमच आवळले जाऊन रक्त जागच्या जागी घुसळले गेले असते. गाठीतून निघालेली दोरी, म्हणजे पेशींचा जुडगा, पडद्यातून खाली जातो, दोन फांद्यांत फुटतो आणि शेवटी बारीक तंतूंच्या जाळ्याने जवनिकांच्या आतल्या अंगाला अस्तरासारखा पसरतो.

ह्या मार्गाचा शोध लागला तो मात्र शेवटाकडून मुळाकडे. खालचे जाळे पुर्किन्ये ह्यांनी १८३९ साली वर्णिले, दोरी विल्हेल्म हिस ह्यांनी १८९३ साली, मधली गाठ जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा ह्यांनी १९०६ साली, आणि सर्वांचे उगमस्थान असलेला वरचा पुंजका कीथ व फ्लॅक ह्यांनी १९०७ साली. गंगेच्या मुखापासून निघून गोमुखाला पोचावे तसे हे झाले.

निसर्गाने येथे एक सोय करून ठेवली आहे. कीर्तनात बुवांचा आवाज बसला तर मागचे टाळकरी भजन चालू ठेवतात. लय मंदावते, पण मंडप गप्प होत नाही. वरचा पुंजका थांबला तर मधली गाठ मिनिटास ४० ते ६० ठोके देते. तीही तुटली तर खालचे तंतू २० ते ४० देतात. एवढ्यावर माणूस धावू शकत नाही, कित्येकदा उभा राहताच भोवळ येऊन पडतो; पण तेवढ्यापुरता जिवंत राहतो. मेंदूकडून येणारे मज्जातंतू ही लय निर्माण करीत नाहीत, ते केवळ लगाम ओढतात किंवा चाबूक उगारतात. ह्याचा स्वच्छ पुरावा हृदयारोपणात मिळतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. तो रोगी काही तासच जगला. पुढे जगभर जी हजारो आरोपणे यशस्वी झाली त्यांत दात्याच्या हृदयाचे सगळे मज्जातंतू कापलेले असतात, तरी ते नव्या छातीत आपल्या लयीने धडधडत राहते. लगाम नाही आणि चाबूकही नाही, तरी घोडा चालतोच.

आता इजेकडे वळू. पहिली इजा अशी, की ती शस्त्रवैद्याच्या हातून, रोग्याच्या भल्यासाठी काम चालू असताना होते. काही मुले दोन जवनिकांमधील पडद्याला भोक असलेलीच जन्माला येतात. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लिलेहाय ह्यांनी अशी भोके शिवण्यास आरंभ केला. आणि मग एक अनर्थ ध्यानात आला. आपली दोरी जाते ती नेमकी ह्या भोकाच्या काठाकाठाने! टाका जरा इकडेतिकडे पडला की वरचा संदेश खाली येणे बंद. भोक बुजले, आणि दहांपैकी सुमारे एका मुलाचे ठोके मंदावले. अशा मुलांच्या हृदयाला बाहेरून विजेचे धक्के देत ठेवावे लागे, आणि ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या शहराची वीज गेली. मराठवाड्यातील माणसाला वीज जाणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण छातीतली लय भिंतीतल्या विजेवर टांगलेली असताना ती जाणे म्हणजे काय, ह्याची कल्पनाच करावी. लिलेहाय ह्यांच्या सांगण्यावरून अर्ल बॅकेन नावाच्या तंत्रज्ञाने थोड्याच आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा लहानसा गतिकारक, म्हणजे पेसमेकर, करून दिला. पुढल्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये सेनिंग व एल्मक्विस्ट ह्यांनी आर्ने लार्सन ह्या रोग्याच्या शरीरातच तो बसविला. पहिले यंत्र काही तासांत बंद पडले. लार्सन मात्र एकामागून एक अशी २६ यंत्रे वापरून २००१ सालापर्यंत जगले. ज्यांनी ते बसविले त्या दोघांनाही मागे टाकून, हे विशेष.

पण ह्या प्रकरणातील खरी बोधप्रद गोष्ट यंत्राची नाही. ज्या मुलांची दोरी तुटली असे वाटले त्यांपैकी पुष्कळांची लय आठदहा दिवसांत आपोआप परत आली. दोरी कापली गेली नव्हतीच. टाक्याच्या आसपास सूज येऊन ती दबली होती. सूज उतरली, संदेश पुन्हा वाहू लागला. म्हणून आजही अशा शस्त्रक्रियेनंतर लय तुटली तर तात्पुरत्या यंत्रावर निदान आठवडाभर वाट पाहतात, आणि त्यानंतरच कायमचे यंत्र बसविण्याचा विचार करतात. तुटलेले आणि मुके झालेले ह्यांत पहिल्या दिवशी बाहेरून काही फरक दिसत नाही. तो फरक दिसतो काळाने. आम्ही जे सांगू इच्छितो त्याचा गाभा हाच आहे.

दुसरी इजा सर्वांच्या परिचयाची, हृदयविकाराच्या झटक्याची. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की त्या भागातल्या पेशींची उपासमार सुरू होते. काही मिनिटांतच पोटॅशियम बाहेर झिरपू लागतो, पेशींची घटी उतरते, आणि निरोगी व उपाशी भागांच्या सीमेवर विजेची ओढाताण लागते. विद्युत्‌हृदालेखात, म्हणजे आपण ज्याला ई. सी. जी. म्हणतो त्यात, रेघेचा एक तुकडा वर उचललेला दिसतो तो ह्याच ओढाताणीमुळे. पहिल्या तासात अचानक जे मृत्यू होतात ते बहुधा स्नायू मेल्यामुळे नव्हे, तर ह्या सीमेवर वीज बेबंद होऊन जवनिका नुसत्या थरथरत राहिल्यामुळे. म्हणूनच छाती दाबून रक्त फिरते ठेवणे आणि विजेचा एक धक्का देऊन बेबंदी मोडणे, ह्याने मेल्यासारखा दिसणारा माणूस उठून बसतो.

गुठळी तशीच राहिली तर अर्ध्याएक तासात आतल्या थरापासून स्नायू मरू लागतो, आणि सहाएक तासांत बराचसा जातो. मेलेल्या स्नायूच्या जागी दीडदोन महिन्यांत पांढरट वण धरतो. कातडीवरचा वण आपल्याला चालतो, कारण कातडीला संदेश पोचवायचा नसतो. हृदयातील वण म्हणजे घमेल्यांच्या रांगेत उभा केलेला पुतळा. त्यातून, वणाच्या आत कोठेकोठे जिवंत पेशींच्या बारीक वाटा उरतात. एखादा संदेश त्या वाटेने रेंगाळत जातो, पलीकडे निघेपर्यंत बाकीचे हृदय पुन्हा सज्ज झालेले असते, आणि तो संदेश त्याला परत पेटवितो. मग तेच चक्र गरगर फिरू लागते. झटका येऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी मनुष्य एकाएकी कोसळतो, त्याचे एक कारण हे. वण झालेला भाग पुन्हा स्नायूने भरून येईल अशी आशा धरू नये. १९५०-६० च्या सुमारास झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा मागोवा घेऊन स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, हृदयाच्या स्नायुपेशी नव्या होतात खऱ्या, पण ऐन पंचविशीतही वर्षाला शंभरांत जेमतेम एक, आणि वय वाढेल तसे त्याहूनही कमी. अणुबाँबच्या पापातून निघालेला हा एक उपयोगी हिशेब.

येथेही पुन्हा तोच भेद आहे. बहुतेक माणसांत मधल्या गाठीला रक्त मिळते ते उजव्या रोहिणीकडून. ती तुंबून हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला, तर गाठ मुकी होते आणि ठोके मंदावतात. पण ती सहसा मरत नाही आणि काही दिवसांत पुन्हा बोलू लागते. पुढच्या भिंतीचा मोठा झटका येऊन पडद्यातील दोरीच करपली, तर मात्र ती गेली ती गेलीच.

आता विंचवाकडे. आपल्याकडचा लाल विंचू दिसायला लहान, रंगाने तांबूस. त्याच्या विषात निरनिराळी द्रव्ये असतात, आणि गंमत अशी की ती बहुतेक सगळी पेशींच्या दारांशीच खेळणारी आहेत. (ह्याच विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे केलेले एक द्रव्य पोटॅशियमची एका जातीची दारे नेमकी बंद करते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ते किल्लीसारखे वापरतात. आमच्या बांधावरचा हा किडा इतका विद्वान असेल असे वाटले नव्हते.) मुख्य घात होतो तो मज्जातंतूंच्या टोकांशी. सोडियमची दारे उघडतात ती वेळेवर मिटत नाहीत. मग लगाम आणि चाबूक दोन्ही एकदम ओढले जातात. आधी लगामाकडची लक्षणे येतात. घाम असा, की अंथरूण भिजावे, ओकाऱ्या, तोंडाला लाळ, पुरुषांत इंद्रियास ताठरता. पाठोपाठ चाबूक. ॲड्रेनलिन आणि तिची सख्खी बहीण नॉरॲड्रेनलिन ह्यांचा लोंढा रक्तात येतो. हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, नाडी पळू लागते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय दमते, मागे रक्त तुंबते, फुफ्फुसात पाणी भरते आणि तोंडावाटे तांबूस फेस येतो. गावाने पाहिला तो हाच फेस.

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर ह्यांचा जन्म १९५१ साली भोकरदन तालुक्यातील देहेड गावी झाला. त्या वेळी जालना हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. नागपुरास वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९७६ साली कोकणात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू अतोनात, आणि गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांत तीसचाळीस दगावत. हाताशी साधने जवळजवळ नाहीत. तेव्हा ह्या तरुण डॉक्टरांनी असे केले, की रोग्याच्या उशाशी बसून राहायचे आणि तासातासाला काय घडते ते लिहून ठेवायचे. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामाचे मूळ ह्या बसून राहण्यात आहे. त्यातून कळले ते असे. वेदनेने जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा वाचतो. ज्याला वेदना फारशी नाही, पण घाम फुटला आहे आणि ओकाऱ्या होत आहेत, त्याच्या हृदयावर पुढल्या काही तासांत संकट येणार. १९८२ साली ही पूर्वचिन्हे त्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडमधील विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पैठणच्या नाथांच्या भारुडातही विंचू चावल्यावर घामच येतो, हे येथे कोणाला आठवल्यास त्यात गैर नाही.

अशा रोग्याचा हृदालेख काढला तर तो झटका आलेल्या माणसाचा वाटावा. रेघेचा तुकडा उचललेला, टी नावाची लाट तंबूसारखी टोकदार, मध्येच अवेळी पडलेले ठोके, कधी दोरीची एखादी फांदी मुकी झालेली. पाहणाऱ्याला वाटावे, स्नायू मेला. परंतु रोहिणीत गुठळी नसते. विषाने चाबूक इतका चालविलेला असतो की स्नायू बधिर होतो. तो मेलेला नसतो, मूर्च्छित असतो. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की मूर्च्छा उतरेपर्यंत त्याला जगवायचा कसा.

जुने उपाय येथे अंगलट येत. ॲट्रोपीन दिले की घाम आणि लाळ सुकते आणि डॉक्टरला बरे वाटते. पण त्याने लगाम तेवढा तुटतो आणि चाबकाला रान मोकळे मिळते. पुढे पुण्यास एम. डी. करून परतलेल्या बावस्करांनी आधी रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. गुण आला, पण ते औषध थेंबाथेंबाने शिरेत द्यावे लागते आणि शेजारी क्षणोक्षणी रक्तदाब पाहणारा माणूस लागतो. खेड्यात ते कसे निभावे? तेव्हा त्यांनी रक्तदाबावरची एक साधी, स्वस्त गोळी निवडली, प्रॅझोसिन. ॲड्रेनलिनचा हुकूम रक्तवाहिन्या ज्या कानांनी ऐकतात, त्यांना वैद्यकात अल्फा म्हणतात. ही गोळी त्या कानांत बोळा घालते. वाहिन्या सैल पडतात, हृदयापुढची भिंत खाली येते, फुफ्फुसातले पाणी ओसरते. विषाला ती मारीत नाही. ती हृदयाला फक्त उसंत देते, आणि उसंत मिळाली की मूर्च्छित स्नायू स्वतःच उठतो. हा अनुभव त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्यांच्यासह १९८६ साली लॅन्सेटमध्येच मांडला. गोळी वेळेवर देण्याचा परिपाठ पडल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती उशिरा दिली, असे आमचे मत आहे.

गोळी स्वस्त आहे म्हणून ती घरी आणून ठेवावी, असा अर्थ कोणी काढू नये. पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो. रोग्याला निजवून ठेवूनच ती द्यावी लागते, आणि मात्रा वजनावर ठरते. घरच्यांनी करायचे ते एवढेच, की घाम व ओकारी दिसताच मंत्रउताऱ्यात आणि कापाकापीत एक घटकाही न दवडता दवाखाना गाठायचा. लहान मुलाच्या बाबतीत तर घामाचीही वाट पाहू नये.

विषालाच मारणारी प्रतिविषाची लस आता मिळते. ती गोळीच्या जोडीला द्यावी काय, ह्याची परीक्षा महाडला ७० रोग्यांवर झाली आणि तिचा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या गोळीवर तेवढ्या वेळात सावरले ते ३५ पैकी ८. लस येणारे विष अडविते, गोळी आलेला घाला सोसण्याचे बळ देते, म्हणून दोन्ही मिळून काम लवकर होते. हृदयाची रेघ मात्र माणसाच्या मागून येते. रोगी उठून बसलेला असतो, घरी केव्हा सोडता म्हणून विचारीत असतो, आणि आलेखावरचा तो टोकदार तंबू अजून उतरत असतो. तो पुरता मोडायला आणखी काही दिवस जातात.